नेट जातंय, पण कुठून? मोडेमच्या अलीकडून की पलीकडून?

प्रश्न थोडक्यात असा: 'सांगलीत खणभागात जुन्या दुमजली घरात राहतो. फायबरचं कनेक्शन आहे. मोडेम खाली पुढच्या खोलीत, कॉम्प्युटर माडीवर, वायफायचा छोटा डोंगल लावलेला. पंधरा दिवस झाले, नेट दिवसातून दहा-बारा वेळा जातं आणि पाचेक मिनिटांत आपोआप येतं. कंपनीचा माणूस येऊन "आमच्याकडनं सगळं ओके आहे" म्हणून गेला. कॉम्प्युटरवाला म्हणतो, फॉरमॅट मारावा लागेल. घरच्यांचे मोबाइल मात्र बहुतेक वेळा चालू असतात. नक्की कुणाचं ऐकू?'

सध्या दोघांचंही ऐकू नका. फॉरमॅट तर मुळीच मारू नका. विंडोज बिघडलं असेल तर नेट बहुधा जातं ते जातंच, पाच मिनिटांनी शहाण्यासारखं परत येत नाही. ही पाच मिनिटं महत्त्वाची आहेत, त्यांच्याकडे परत येतो.

टेलिफोनच्या तारेवर मोडेम किंचाळत जोडला जायचा, तेव्हापासून मी सांगली-मिरजेत हे काम करतोय. तार बदलली, मोडेम बदलले, भांडण तेच राहिलं. कंपनीवाला म्हणतो बिघाड तुमच्या कॉम्प्युटरात, कॉम्प्युटरवाला म्हणतो लाइनमध्ये, आणि मधल्या मध्ये गिऱ्हाइकाचे पैसे जातात. म्हणून कुठल्याही घरी गेलो की सेटिंगला हात लावायच्या आधी मी एकच गोष्ट ठरवतो: बिघाड मोडेमच्या अलीकडे आहे, पलीकडे आहे, की खुद्द मोडेममध्येच आहे? अलीकडे म्हणजे तुमचं घर: कॉम्प्युटर, डोंगल, वायफाय, लॅन केबल. पलीकडे म्हणजे मोडेमपर्यंत येणारी फायबरची तार, रस्त्यावरचा डबा, खांब, कंपनी. हे तुम्हाला घरबसल्या ठरवता येतं.

त्याआधी मोबाइलचं बघू. 'मोबाइल चालतात' हा पुरावा मी मानत नाही. वायफायवरचं नेट मेलं की आजकालचे फोन गुपचूप सिमच्या नेटवर उडी मारतात. वर वायफायची खूण तशीच दिसते आणि व्हॉट्सअॅप सुरूच राहतं. चाचणीपुरता एका फोनचा मोबाइल डेटा बंद करून ठेवा. पुढच्या वेळी कॉम्प्युटरवरचं नेट गेलं की तोच फोन बघा. तोही अडकला तर कॉम्प्युटर निर्दोष, म्हणजे फॉरमॅटचा विषय तिथेच संपला. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी तक्रारी या एका बटणावर सुटतात.

आता मुख्य चाचणी. ती करताना कॉम्प्युटर वायफायवर नको. माडीवरून सीपीयू खाली आणा, किंवा कुणाचा लॅपटॉप तासाभरासाठी मागून घ्या, आणि मोडेमला सरळ लॅन केबलने जोडा. वायफायवर चाचणी केली तर दोन संशयित एकत्र येतात आणि काहीच सिद्ध होत नाही.

कीबोर्डवरची विंडोजची कळ दाबून सी, एम, डी ही तीन इंग्रजी अक्षरं टाइप करा आणि एंटर मारा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजीत एकसलग लिहून एंटर मारा. येणाऱ्या यादीत 'डिफॉल्ट गेटवे' शोधा. तो तुमच्या मोडेमचा घरातला पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ असा. याच यादीत कॉम्प्युटरचा स्वतःचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर मोडेमकडून कॉम्प्युटरला पत्ताच मिळालेला नाही, विंडोजने नाइलाजाने स्वतःच एक घेतलाय. असं असेल तर केबल, तिचं टोक किंवा मोडेमचं पोर्ट बघायचं, कंपनीला फोन लावून उपयोग नाही.

गेटवे मिळाला की त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत पिंग, मग मोकळी जागा (स्पेस), मग तो पत्ता, परत मोकळी जागा, आणि शेवटी वजाचं चिन्ह आणि त्याला चिकटून टी. एंटर मारलं की दर सेकंदाला एक ओळ पडू लागेल. आता दुसरी काळी खिडकी उघडा आणि तेच करा, पण पत्ता द्या ८.८.८.८, म्हणजे गूगलचा सर्व्हर. दोन्ही खिडक्या शेजारी शेजारी ठेवा आणि चहा प्या. पहिली खिडकी मोडेमशी बोलतेय, दुसरी बाहेरच्या जगाशी.

नेट गेलं की पळत येऊन बघा. पहिलीत ओळी पडतायत आणि दुसरीत 'रिक्वेस्ट टाइम्ड आउट' येतंय, तर मोडेमच्या अलीकडचं सगळं ठीक आहे, बिघाड पलीकडे आहे. दोन्हीही एकदम थांबल्या तर मोडेमच बंद पडला, किंवा केबल गेली. आणि दोन्ही मजेत चालू आहेत पण वेबसाइट मात्र उघडत नाही, असं असेल तर ती तिसरीच भानगड. नावावरून पत्ता शोधून देणारी डीएनएस नावाची व्यवस्था अडकलेली असते, किंवा कॉम्प्युटरचं घड्याळ चुकलेलं असतं. घड्याळाचं हसण्यावारी नेऊ नका. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल संपला की तारीख कुठल्या कुठे जाते, आणि मग बँकेची साइट 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून दार लावून घेते. लोक व्हायरस समजून घाबरतात. सेल साधा असतो, कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतो.

एवढं करताना मोडेमवरचे दिवेही बघून ठेवा. कंपनीप्रमाणे नावं थोडी बदलतात, पण फायबरच्या मोडेमवर पॉवर, पॉन, लॉस, लॅन आणि वायफाय एवढे दिवे बहुधा असतात, काहींवर इंटरनेटचा वेगळा. पॉन स्थिर हिरवा म्हणजे कंपनीच्या टोकाशी प्रकाशाची गाठ पडली. तो लुकलुकतोय म्हणजे ओळख पटवायचं काम चालू आहे. लॉसचा लाल दिवा लागला म्हणजे प्रकाशच पोचत नाही, तेव्हा कॉम्प्युटरवर काहीही करणं व्यर्थ. पॉन स्थिर, लॉस बंद, पण इंटरनेटचा दिवा गेलेला किंवा लाल, याचा अर्थ तार चांगली आहे, लॉगिन होत नाही. कधी बिल राहिलेलं असतं. बऱ्याचदा मात्र मोडेम अचानक बंद होऊन चालू झालेला असतो आणि कंपनीच्या सर्व्हरला वाटत असतं की जुनं लॉगिन अजून चालूच आहे. ते जुनं सुटेपर्यंत नवीन घेत नाही. काही मिनिटं जातात आणि मग आपोआप सुरू होतं.

आता तुमच्या पाच मिनिटांकडे येतो. वायफायची नुसती रेंज तुटली असती तर काही सेकंदांत परत जुळलं असतं. मोडेम बंद होऊन पुन्हा उठायला, प्रकाश ओळखायला आणि लॉगिन व्हायला मात्र तीनेक मिनिटं सहज लागतात, वर सर्व्हरचे नखरे. म्हणून माझा पहिला संशय असा की तुमचा मोडेम दिवसातून दहा-बारा वेळा स्वतःच रिस्टार्ट होतोय. हा संशय खरा की खोटा ते मोडेमच सांगतो. ब्राउझरमध्ये गेटवेचा पत्ता टाकून मोडेमचं पान उघडा, लॉगिनचं नाव आणि पासवर्ड बहुधा मोडेमच्या खालच्या चिकटपट्टीवर असतो. 'स्टेटस' किंवा 'डिव्हाइस इन्फॉर्मेशन'मध्ये 'अपटाइम' लिहिलेला असतो, म्हणजे मोडेम किती वेळ सलग चालू आहे तो. नेट परत आल्यावर लगेच बघा. चार दिवस सलग दिसत असेल तर माझा संशय खोटा. चार मिनिटं दिसत असतील तर मोडेम आत्ताच उठलाय.

आणि तो उठतोय असं निघालं तर मोडेम बदलायची घाई नको, आधी अडॅप्टर बघा.

गावभागातल्या एका घरी मी तीन चकरा मारल्या होत्या. नेट सकाळी सव्वासहाच्या सुमाराला जायचं, संध्याकाळी पुन्हा एकदा जायचं. कंपनीने मोडेम बदलून दिला, तरी तेच. तिसऱ्या दिवशी मी सकाळी सहालाच जाऊन बसलो. नळाला पाणी आलं, आजींनी पंपाचं बटण दाबलं, ट्यूबलाइट एकदा मिचकावली आणि मोडेमचे सगळे दिवे गेले. अडॅप्टर काढून मोजला तर बरोबर १२ व्होल्ट. मोडेम लावून मोजला तर साडेदहा, आणि पंप सुरू होताना त्याच्याही खाली. आतला कपॅसिटर, म्हणजे क्षणभरापुरती वीज साठवणारा भाग, फुगला होता. चांगला अडॅप्टर असला क्षणभराचा झोका पचवतो, फुगलेल्या कपॅसिटरचा पचवत नाही. मोडेम नवा आला होता, अडॅप्टर मात्र जुनाच ठेवलेला, कारण 'तो चालतोय की'.

तेव्हा तुमच्या मोडेमवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर वाचा. व्होल्ट तंतोतंत तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतील. पिन बसते म्हणून सेट टॉप बॉक्सचा अडॅप्टर खुपसू नका. जुन्या घरात प्लगची ढिली भोकं हेही कारण असतं. अडॅप्टर जरा हलवला आणि दिवे मिचकावले तर भिंतीवरचा विजेचा बोर्डच बदलून घ्या. मोडेमसाठी छोटा यूपीएस मिळतो, तो लावला की लाइट गेली तरी नेट काही तास चालतं आणि पंपाचे झोकेही मोडेमपर्यंत पोचत नाहीत. माझ्या मते सांगलीत फायबर घेणाऱ्याने तो पहिल्या दिवशीच घ्यावा.

अपटाइम सलग निघाला आणि लॉसचा लाल दिवा लागत असेल, तर मात्र तार. फायबर काचेची, केसासारखी. वळवली की प्रकाश बाहेर सांडतो. चहाच्या कपाच्या तोंडापेक्षा लहान वळसा तिला देऊ नका. वाड्यांमधून मी बघितलेले प्रकार सांगतो: खिडकीच्या दारात चेपलेली, देवघराच्या फोटोच्या खिळ्याला गुंडाळलेली, माडीच्या तुळईवरून ओढताना उंदराने चाखलेली, आणि सगळ्यात जास्त वेळा, झाडलोट करताना मोडेम भिंतीकडे रेटल्यामुळे टोकाशी काटकोनात मोडलेली. गोपीचंदन लावावं तशी बोटाने टोक पुसणारेही भेटलेत. मोडेममध्ये जाणारं ते हिरवं टोक विनाकारण काढू नका. काढलंच तर पांढऱ्या टोकाला बोट लावू नका, आणि डोळ्यासमोर धरून आत तर बघूच नका. त्यातला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

'आमच्याकडनं ओके आहे' याला उत्तर देणारा एक आकडा असतो, तो बहुतेक गिऱ्हाइकांना कुणी सांगत नाही. मोडेमच्या त्याच पानावर 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन' नावाच्या विभागात 'आरएक्स पॉवर' असते. डीबीएम या मापात, नेहमी उणे. उणे १८, उणे २२ असं काही असेल तर उत्तम. उणे २७ ही साधारण शेवटची पायरी, त्याच्या पलीकडे मोडेम आंधळा होऊ लागतो. या मापात दर तीन अंकांना प्रकाश निम्मा होतो. म्हणजे उणे २१ चे उणे २७ झाले असतील तर प्रकाश चौथाईवर आलाय. आज नेट व्यवस्थित चालू असताना हा आकडा लिहून ठेवा, पावसात लिहा, नेट परत आल्याबरोबर लिहा. कंपनीच्या माणसाला 'नेट जातंय हो' म्हटलं की तो मोडेम बंद-चालू करून जातो. 'परवा उणे २१ होतं, काल पावसात उणे २८ दाखवलं' म्हटलं की तो शिडी घेऊन खांबावर चढतो. मग त्याला डब्यातलं टोक साफ करायला आणि पोर्ट बदलून बघायला सांगा. त्याच डब्यावरून शेजाऱ्याचं कनेक्शन असेल तर त्यांचंही त्याच वेळी जातं का तेवढं विचारून ठेवा. दोघांचंही जात असेल तर तुमच्या घरात शोधायचं काही कारणच नाही.

एक गोष्ट बजावून सांगतो: मोडेमच्या मागचं ते सुईने दाबायचं रिसेटचं भोक. त्याला हात लावू नका. बंद करून अर्ध्या मिनिटाने चालू करणं वेगळं, त्याने काही बिघडत नाही. रिसेट केलं की कंपनीने आत भरलेलं लॉगिन, पासवर्ड, व्हीलॅनचा आकडा, सगळं पुसलं जातं. काही कंपन्या ते दुरून परत भरतात, काही भरत नाहीत. हे मी शहाणपणाने सांगत नाही. रिटर्न भरायच्या शेवटच्या दिवशी एका कर सल्लागारांच्या घरी मी मोठ्या रुबाबात ते भोक वीस सेकंद दाबून धरलं होतं. त्यानंतर रात्री साडेदहापर्यंत त्यांच्या ओसरीवर बसून कस्टमर केअरचं संगीत ऐकलं. काम शेवटी माझ्या मोबाइलच्या हॉटस्पॉटवर झालं. पैसे अर्थातच मागितले नाहीत.

समजा दोन खिडक्यांची चाचणी झाली आणि केबलवर दिवसभर काहीच तुटलं नाही. मग दोष माडीवरचा, म्हणजे वायफायचा. दोन फुटी माती-विटांच्या भिंती, मध्ये लाकडी तक्तपोशी, जिन्याखाली पत्र्याची कोठी, आणि डोंगल सीपीयूच्या मागे लोखंडी पेटीला टेकलेला. रेंज मिळते हेच नवल. डोंगल एका हातभर यूएसबी वायरने पुढे टेबलावर आणा. मागच्या निळ्या रंगाच्या यूएसबी पोर्टात असेल तर काळ्या पोर्टात लावा. निळ्या पोर्टांवर वेगवान डिस्क चालत असली की जो गोंगाट निघतो तो नेमका स्वस्त डोंगलच्या २.४ गिगाहर्ट्झच्या, म्हणजे वायफायच्या लहरींच्या, पट्ट्यात पडतो. याच पट्ट्यात शेजारपाजारचे सगळे राउटर आणि मायक्रोवेव्हही असतात. मोडेममध्ये चॅनेल 'ऑटो' असेल तर १, ६ किंवा ११ यांपैकी एक ठरवून द्या आणि दोन दिवस बघा. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा मोकळा आणि वेगवान, पण जाड भिंतीपुढे तो लगेच हात टेकतो. तुमच्या घरात माडीपर्यंत पोचेल असं वाटत नाही. शिवाय विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये 'नेटवर्क अडॅप्टर' या नावाखाली दिसणाऱ्या डोंगलच्या गुणधर्मांत 'पॉवर मॅनेजमेंट'मध्ये जाऊन 'वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करू द्या' या अर्थाच्या चौकटीतली खूण काढा. कॉम्प्युटर डोंगलला झोपवतो आणि मग उठवायचं विसरतो, असं बऱ्याचदा होतं.

पण जागेवरून न हलणाऱ्या कॉम्प्युटरला वायफाय देणं मला पटतच नाही. मोडेमपासून माडीपर्यंत कॅट सिक्स या प्रकारची लॅन केबल ओढून घ्या. १०० मीटरपर्यंत ती चालते, तुमचं घर त्याच्या पासंगालाही नाही. आतल्या आठही तारा टोकाच्या पिनमध्ये नीट दाबून बसल्यात (क्रिंप झाल्यात) का ते टेस्टरवर बघायला सांगा. चारच तारा लागल्या तरी नेट चालतं, पण वेग १०० एमबीपीएसवर अडकतो, आणि लोक वर्षभर २०० च्या प्लॅनचे पैसे भरत बसतात.

अजून टेलिफोनच्या तांब्याच्या तारेवर नेट चालवणारे कुणी असतील तर त्यांच्यासाठी दोन शब्द. आधी फोन कानाला लावा. खरखर ऐकू आली तर मोडेमकडे बघायची गरज नाही, जोड खराब आहे. घरात जिथे जिथे फोन जोडलाय तिथे फोनचा आवाज आणि नेट वेगळं करणारा छोटा फिल्टर हवा. मोडेमच्या पानावर 'एसएनआर मार्जिन', म्हणजे खरखरीच्या वर सिग्नल किती उरतो तो आकडा, ६ च्या खाली येत असेल तर कनेक्शन तुटतच राहणार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, त्यानंतर मी गावभागात भिंतीवरचे जे टेलिफोनचे डबे उघडले त्यांत स्क्रूंवर हिरवी बुरशी चढावी तसा कळंक होता. पाणी ओसरल्यावर महिनाभर फोन लागायचे, नेट मात्र टिकायचं नाही. आवाजाला कशीही तार चालते, नेटला चालत नाही. फायबरला पाण्याचं तेवढं भय नाही, पण डब्यातल्या टोकांवर गाळ बसला की प्रकाश पोचत नाही.

आणि वळीव. वीज कडाडू लागायच्या आधीच अडॅप्टर भिंतीतून आणि लॅन केबल कॉम्प्युटरमधून काढा. काचेतून वीज येत नाही, पण खांबावरून येणाऱ्या काही केबलींना आधारासाठी पोलादी तार असते, आणि घरातली लॅन केबल तर तांब्याचीच. मे महिन्यात जळालेले लॅन पोर्ट मी दरवर्षी बघतो.

तुमच्याबद्दल माझा अंदाज: दहात सहा-सात अडॅप्टर किंवा बोर्ड, दोन-तीन तार, उरलेलं माडीवरचं वायफाय. एक वही करा. नेट कधी गेलं, कधी आलं, कोणते दिवे होते, अपटाइम किती, आरएक्स पॉवर किती, घरात तेव्हा काय सुरू झालं, पंप, मिक्सर, गीझर. आठ दिवस पुरेत. अडॅप्टर मात्र आठ दिवस न थांबता उद्याच बदलून बघा. आणि माडीवर केबल ओढायची ठरली तर गणपतीच्या आधी ओढून घ्या. एकदा मंडळांच्या रोषणाईची कामं सुरू झाली की सांगलीत वायरमन हाताला लागत नाही.